आतून रंगवलेलं इंजिन

नाना, मागच्या महिन्यात मी मळवलीला गेले होते आणि तेव्हापासून तुमच्यावर चिडून आहे. तुम्ही जाऊन सोळा पावसाळे झाले. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण असं म्हणणाऱ्यांचा बाप गॅरेजवाला नसावा. आमच्या कारखान्यातल्या बायकांची सहल होती, स्टेशनापासून चालत जाता येईल अशा एका बंगल्यात. गेट उघडायला लंगडत कोण आलं, तर भाऊ. लोहगडवाडीचे जीपवाले भाऊ, ज्यांच्या जीपचं इंजिन तुम्ही केलं होतं. आता ते त्या बंगल्याची राखण करतात. मालक सुट्टीला पुण्याहून आले की गेट उघडायचं, एरवी आंब्यांना पाणी घालायचं आणि कुत्र्याला भाकरी टाकायची. केस पांढरेधोप झालेत, पण मला त्यांनी लगेच ओळखलं. 'गॅरेजवाल्या नानांची पोरगी ना तू? ये, ये बाय,' म्हणाले. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की मलाच मान वर करवेना.

वहिनींनी सगळ्यांसाठी पोहे केले होते. मोठ्या पातेल्यात आमचे, शेंगदाणे घातलेले, आणि बाजूला एका लहान कढईत थोडे वेगळे, नुसत्या कांद्याचे. हे कुणाचे, म्हणून मी सहज विचारलं. 'त्येंचं,' वहिनी म्हणाल्या, 'त्येंनी दाणं सोडल्यात.' मला वाटलं, पित्त असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल. भाऊंनीच खुलासा केला, आणि तोही हसत हसत, जुनी गंमत सांगावी तसा. 'अगं, त्या जीपचं न्हाई का झालं. माज्या ऑइलच्या डब्यातली सालं इंजिनात गेली, आन शेजारच्या मावशीचं तसं झालं. मंग म्या तिच्याम्होरंच सोडलं. म्हनलं, जित्ता हाय तवर दाण्याला हात लावणार न्हाई.' बावीस वर्षं झाली, नाना. आपल्या घरात शेंगदाणा सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं. भाजीत कूट, आमटीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट, भाकरीबरोबर चटणी दाण्याची. लग्नाच्या पंगतीत हा माणूस भातावर नुसतं वरण घेऊन उठतो आणि त्याची बायको बावीस वर्षं एक वेगळी कढई घासते. आणि त्या इंजिनात शेंगदाण्याचं एकसुद्धा साल नव्हतं. तुम्हाला ते ठाऊक होतं.

तुमची ती तांबडी खोड आठवा. जुन्या हायवेला, मळवलीकडं वळायच्या जरा अलीकडं आपलं पत्र्याचं गॅरेज, मागं घर. तिथं जूनपासून ओल अशी की सकाळी धुऊन ठेवलेला इंजिनाचा ब्लॉक संध्याकाळपर्यंत गंजानं पिवळा पडायचा. क्रँकचा दांडा घासायला पुण्याला पाठवला की आठवडाभर परत येत नसे, तोवर सगळं लोखंड उघडं. 'हितं लोखंडाला बी घाम येतो,' तुम्ही म्हणायचात. मग कधीतरी बाजारातल्या रिवाइंडिंगवाल्याकडून तुम्ही मोटारीच्या तारांवर मारतात ते लाल वार्निश आणलंत आणि ब्लॉकच्या पोटात, जिथं क्रँक फिरतो आणि ऑइल उडतं तिथल्या भिंतींना, ब्रशनं दोन हात दिलेत. गंज थांबला. गुळगुळीत भिंतीवरून ऑइल भरभर खाली उतरतं, असंही तुम्ही सांगायला लागलात, आणि ते काही खोटं नव्हतं. खंडेनवमीला पान्यांची आणि जॅकची पूजा मांडली की मधोमध एक मोकळा ब्लॉक उताणा ठेवलेला असायचा, आतून लालचुटुक, वर झेंडूची माळ. तो बघायला कामशेतपासून ड्रायव्हर यायचे. नानांचं इंजिन आतून रंगवलेलं असतं, अशी ख्याती झाली. कुठल्याही गॅरेजवाल्याच्या कामाची तारीफ गाडी चालताना होते, तुमच्या कामाची तारीफ ती उघडी असतानाच व्हायची. माणसाला बिघडायला एवढं पुरतं.

मी तेव्हा डिप्लोमा संपवून नोकरीची वाट बघत घरी बसले होते आणि दिवसभर तुमच्याकडं सामान धुऊन द्यायचे. मी तुम्हाला सांगितलं होतं. एकदा नाही, चार वेळा सांगितलं होतं. नव्या कोऱ्या ओतीव लोखंडावर, नीट धुऊन, नीट तापवून दिलेला रंग टिकेलही. पण जे लोखंड दहा-बारा वर्षं ऑइल पीत आलंय, त्याच्या रंध्रारंध्रांत ते मुरलेलं असतं. वरून कितीही रॉकेल आणि सोडा मारा, तापलं की ते आतून पुन्हा पाझरतं. जुन्या तेलकट कढईला रंग देऊन बघा, म्हटलं होतं मी. बाहेरचा रंग सुटला तर रस्त्यावर पडतो, कुणाचं काही बिघडत नाही. आतला सुटला तर तो खाली चेंबरमध्ये, ऑइलमध्ये पडणार. ऑइल वर खेचणाऱ्या नळीच्या तोंडाला जी जाळी असते, तिच्यावर जाऊन बसणार. मग वर बेरिंगला ऑइल जाणार कुठून? कोरडं बेरिंग क्रँकला धरणार आणि चालतं इंजिन जागच्या जागी जाम होणार. एवढं सगळं मी बोलले तेव्हा गॅरेजात तीन-चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. तुम्ही ब्रश खाली न ठेवता विचारलंत, 'तुज्या पुस्तकात लोणावळ्याचा पाऊस हाय का?' सगळे हसले. मीसुद्धा हसले, नाना, कारण उत्तर छान होतं. पण ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

उन्हाळ्यात तुम्ही जे ब्लॉक रंगवलेत, ते टिकले, हे मी मान्य करते. मे महिन्यात चार-चार दिवस पत्र्यावर उन्हात भाजून निघायचे ते. भाऊंचं इंजिन आलं ते भर जुलैत. वाडीतली पहिली जीप ती. त्याआधी वाडीतल्या आजारी माणसाला झोळीत घालून मळवलीला आणत. शनिवार-रविवारी स्टेशनावरून किल्ल्यावर जाणारं पब्लिक, इतर दिवशी वाडीची माणसं आणि सामान, आणि मधल्या वेळात लोणावळ्यातल्या चिक्कीवाल्यांची शेंगदाण्याची पोती, असा त्यांचा धंदा. ते तुम्हाला म्हणाले होते, मी तिथंच होते. 'नाना, रंग न्हाई दिला तरी चालंल. मला गाडी लवकर पायजे.' आणि तुम्ही म्हणालात, 'माज्या हातनं बिनरंगाचं इंजिन गेलं न्हाई आजपातुर.' म्हणजे ज्याची गाडी त्याला रंग नको होता. त्याच्या गाडीला नको होता, इंजिनाला नको होता. तुमच्या नावाला हवा होता. ऊन नाही म्हणून तुम्ही तो ब्लॉक तुमच्या मित्राच्या चिक्कीच्या भट्टीवर नेलात. तिथं दिवसभर गूळ उकळतो, खोली कोरडी आणि उबदार असते, दोन दिवसांत वाळेल म्हणालात. मी जेवणाचा डबा घेऊन आले तेव्हा भाजलेले दाणे चोळून पाखडणं चाललं होतं, सालं सगळ्या खोलीत उडत होती, आणि तुम्ही ओल्या वार्निशवर चिकटलेलं एकेक साल चिमट्यानं उचलत बसला होतात. किती निगुतीनं करत होतात तुम्ही ते. मला तुमचं कौतुक वाटलं होतं, हे आठवलं की आता स्वतःचाही राग येतो.

पंधरा दिवस जीप चांगली पळाली. मग एका बुधवारी, बाजार करून वाडीची माणसं परत चालली होती तेव्हा, भाजे ओलांडून गायमुखाच्या चढाला इंजिन जाम झालं. तुम्हाला कोणी सांगितलं असेल ते वेगळं, पण मला भाऊंनी आता बावीस वर्षांनी सांगितलं ते असं. खाडकन आवाज आला, सवयीनं त्यांचा पाय क्लचवर गेला आणि भरलेली जीप मागं सरकायला लागली. हँडब्रेक नावालाच होता. ब्रेकवर उभे राहून त्यांनी माणसांना उतरा म्हणून ओरडून सांगितलं. सगळे उतरले. शेजारची मावशी शेवटी उतरताना चिखलात पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. भाऊ दगड लावायला खाली उडी टाकून गेले, तर चाक त्यांच्या डाव्या पावलावरून गेलं. जीप डोंगराच्या अंगाला टेकून थांबली म्हणून निभावलं, दरीच्या अंगाला गेली असती तर कुणी सांगायला उरलं नसतं. मावशी पुढं नऊ वर्षं जगली, पण उठून चालली नाही. त्या नऊ वर्षांत तिच्या घरचं पाणी भाऊंनी भरलं, त्याच पायानं.

जीप ओढून आपल्याकडंच आणली. भाऊ दवाखान्यात होते. वाडीची आठ-दहा माणसं आली होती, भाऊंचा धाकटा भाऊही होता, आणि सगळे तुमच्या हाताकडं बघत उभे होते. तुम्ही चेंबर खोललंत, जाळी काढलीत. तिच्यावर तांबडी, पातळ, चुरगळलेली सालं बसली होती, एकावर एक, तीळभर जागा मोकळी नव्हती. पहिल्या क्षणी तुम्हाला खरंच शेंगदाणा वाटला असेल, एवढी सूट मी तुम्हाला आजही देते. भट्टीवर तुम्ही दोन दिवस तेच तर उचलत होतात. पण मग तुम्ही खिशातून भिंग काढलंत, बेरिंगवरचे ओरखडे बघायचं तुमचं ते पितळी काठाचं भिंग, आणि त्यातलं एक साल बोटावर घेऊन बघितलंत. उलटून बघितलंत. पुन्हा उलटून बघितलंत. आणि भिंग खिशात घालून म्हणालात, 'शेंगदाणा. पोत्यात ठेवत असंल ऑइलचा डबा. झाकण न्हाई, काय न्हाई. डोंगरावरनं खाली आल्याली माणसं, त्यास्नी गाडी चालवायला येती, गाडी ठेवाया येत न्हाई.' ते शेवटचं वाक्य कशाला बोललात, नाना? समोर त्याच डोंगरावरची माणसं उभी होती. त्यांनी माना खाली घातल्या. तुम्ही त्यांच्यापेक्षा जाणते, तुमचं गॅरेज, तुमची शेती हायवेला लागून. तुम्ही सांगितलं ते त्यांनी खरं मानलं, आणि त्यांनीच नव्हे तर दवाखान्यात पडलेल्या भाऊंनीसुद्धा मानलं. कारण डबा खरंच पोत्यांशेजारी असायचा, आणि गरिबाला आपली चूक पटवून द्यावी लागत नाही, ती त्याला आधीच पटलेली असते.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. 'नाना, एकदा नीट बघा,' एवढंच म्हणाले. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, 'पोरी, आत जा. मंडळी लांबनं आल्यात, च्या टाक.' चोवीस वर्षांची होते मी, हातात डिप्लोमा होता, आणि मी आत जाऊन चहा टाकला. पण जाताना जाळीखाली पडलेल्या सालांतली दोन-तीन उचलून ओढणीच्या टोकाला धरली होती. स्वयंपाकघरात दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत डब्यातल्या शेंगदाण्याचं साल टाकलं, दुसरीत जाळीतलं. चहा उकळेपर्यंत शेंगदाण्याचं साल मऊ पडलं, पाणी गुलाबीसर झालं, बोटानं दाबलं तर विरलं. दुसरं तसंच कडक, तरंगत राहिलेलं. विस्तवावर धरलं तर वार्निशचा वास आला, तोच, रिवाइंडिंगच्या दुकानातला. आई भाकरी करत होती, तिनं दोन्ही वाट्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, 'वाट्या धुऊन ठेव. त्येंच्या नजरंला पडाय नगं.' म्हणजे तिलाही कळलं होतं. मी वाट्या धुतल्या. उरलेला एक पोपडा आईच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला, आणि आठ कप चहा घेऊन बाहेर आले.

तुम्हाला ठाऊक होतं, याला पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. तुम्ही फार पुरावे मागायचात. तर ऐका. त्यानंतर तुम्ही एकही इंजिन आतून रंगवलं नाहीत. गिऱ्हाईक मागायचं, तर म्हणायचात, 'त्ये वार्निश आता येत न्हाई पैल्यासारखं.' ते वार्निश येत होतं. बाजारात त्याच दुकानात, त्याच फळीवर होतं, मी जाऊन बघून आले होते. त्या खंडेनवमीला माळ घातलेला ब्लॉक टेबलावर नव्हता. तो मागच्या अंगणात होता, आणि भर दुपारी पाठमोरे बसून तुम्ही खरवडणीनं त्याचा रंग खरवडत होतात. मी कपडे वाळत घालायला आले तर तुम्ही उठून त्याच्यावर गोणपाट टाकलंत. शेंगदाण्यानं इंजिन जाम होतं, तर मग रंगानं तुमचं काय वाकडं केलं होतं? आणि दुसरा पुरावा तुम्ही माझ्या हातात दिलात. मला तळेगावला नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी निघताना तुम्ही ते भिंग मला दिलंत. 'तुला लागंल,' म्हणालात. किती अभिमानानं दिलंत. मी त्याच संध्याकाळी डबीतला पोपडा त्याच्याखाली धरला. एक बाजू आरशासारखी चकचकीत, ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात. दुसरी बाजू काळपट, ऑइलनं ओशट, आणि तिच्यावर ओतीव लोखंडाचे दाणे उमटलेले, वाळूत बोट उमटावं तसे. शेंगदाण्याच्या सालाला शिरा असतात. लहान पोरालाही चुकायचं नाही. तुम्ही दोन्ही बाजू बघितल्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी तुम्हाला बघताना बघितलंय.

आणि तुम्ही वाईट माणूस असतात तर मला एवढा त्रास झाला नसता. आईनं केलेला डबा तुम्ही तीन आठवडे दवाखान्यात पोचवलात. दुसरं इंजिन फुकट करून देतो म्हणालात, तेव्हा भाऊंनी तुमचे पाय धरले. तुम्ही पाय धरू दिलेत. चूक तुमची, आणि पाय धरतोय तो, आणि सगळी वाडी म्हणतेय, नाना म्हणजे देवमाणूस. भाऊंचा पाय बरा झाला, ते गाडी चालवू शकत होते, पण त्यांच्या गाडीत बसायला कुणी तयार होईना. ऑइलची निगा न ठेवणारा ड्रायव्हर, हे नाव मळवली स्टेशनापासून लोहगडवाडीपर्यंत झालं. जीप दोन वर्षं दारात उभी राहून गंजली. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर हे झालं नसतं. 'रंग सुटला, माझं चुकलं.' लोक काय म्हणाले असते? चार दिवस हसले असते. आपलं गॅरेज बंद पडलं नसतं, तुमचा हात चांगलाच होता. फक्त खंडेनवमीला कुणी बघायला आलं नसतं. तेवढ्यासाठी तुम्ही त्या माणसाच्या ताटातला दाणा काढून घेतलात.

मी आता काय काम करते, ते तुम्ही कधी नीट विचारलं नाहीत. आमच्याकडं इंजिनाचे ब्लॉक येतात, ते धुतात, आणि ते धुतलेलं पाणी मी पांढऱ्या कागदातून गाळते. मग कागदावर काय उरलं ते भिंगाखाली बघायचं. वाळूचा एक कण, रंगाचा एक कण मापापेक्षा मोठा निघाला की सगळा माल परत. नवीन पोरी विचारतात, एवढ्याशा कणानं काय होतंय मॅडम? मी त्यांना रागावते. इतकी वर्षं रोज त्या पांढऱ्या कागदाकडं बघते आणि मला दर वेळी तुमची ती जाळी दिसते. आत काही लावू नका, काही लपवू नका, लोखंड नुसतं स्वच्छ असू द्या, एवढंच शिकवते मी. तुमचीच पोरगी शिकवते.

काल रविवार होता. डबी आणि भिंग पिशवीत घालून मी पुन्हा मळवलीला गेले. भाऊ आंब्याच्या आळ्यातलं गवत काढत होते. बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसलो, वहिनी दारात उभ्या राहिल्या. मी सांगितलं, वार्निशचं, भट्टीचं, जाळीचं. भाऊंनी हात पुढं केला. मी पोपडा आणि भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, उलटून बघितलं, अगदी तुमच्यासारखं. मग वहिनींना म्हणाले, 'एक दाणा आण.' वहिनी हबकून त्यांच्याकडं बघत राहिल्या, मग आत जाऊन एक शेंगदाणा घेऊन आल्या. बावीस वर्षांनी त्या माणसानं दाणा हातात घेतला. साल काढलं, तळहातावर पोपड्याच्या शेजारी ठेवलं, दोन्हींवर तांब्यातलं पाणी टाकलं आणि आम्ही तिघं बघत बसलो. मी स्वयंपाकघरात केलं होतं तेच त्यांनी न शिकवता केलं. साल भिजून हाताला चिकटलं. पोपडा तसाच राहिला. भाऊ म्हणाले, 'मावशीला सांगाय पायजे व्हतं. ती मराया टेकली तवा बी म्या तिला म्हनलं, माजं चुकलं.' त्यांनी डोळे पुसले नाहीत. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दाणा त्यांनी तोंडात टाकला नाही, वहिनींच्या हातात परत दिला. 'आता सवय न्हाई ऱ्हायली,' म्हणाले.

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, 'नानांला ठाव व्हतं का गं?' मला वाटलं होतं, हा प्रश्न यावा म्हणूनच मी इथवर आले. महिनाभर मी उत्तर घोकलं होतं, खरवडलेला ब्लॉक, गोणपाट, सगळं. आणि माझ्या तोंडून निघालं, 'नाही भाऊ. त्यांना नव्हतं माहीत. मलासुद्धा परवाच घर आवरताना ही डबी सापडली.' त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. 'तेच म्हनलं. नाना तसा माणूस न्हवं,' ते म्हणाले, आणि मला गेटपर्यंत सोडायला आले.

हे पत्र त्या डबीत घडी करून ठेवायचं ठरवलं होतं. पण डबी त्यांच्याकडंच राहिली, मी परत मागितली नाही, भिंग तेवढं घेऊन आले, आणि हे कागद आता भिंगाखाली दाबून टेबलावर पडलेत. तुमच्यावरचा राग कमी झालेला नाही, नाना. फक्त कालपासून एक गोष्ट लक्षात येते आहे. भाऊंनी तुमच्याबद्दल विचारलं, तेव्हा माझं नाव त्यांनी घेतलंही नव्हतं. 'मलासुद्धा परवाच' हे मी माझं मीच जोडलं होतं.